पिकाचा आंकडा आणि रोग्याचें ताट : पेलाग्रा रोगाच्या इतिहासाचीं साधनें

१. जुन्या दप्तरांत धान्याच्या उत्पन्नाचे आंकडे विपुल सांपडतात. कारण सारा, खंड व वसुली यांचा व्यवहार त्यांवरच चाले. तें धान्य खाणारा मनुष्य निरोगी होता कीं नाहीं, हें मात्र त्या कागदांत क्वचित् दिसतें. सबब पीक वाढलें म्हणजे रयत सुखी झाली, असें अनुमान संशोधक सहज करून बसतो. हें अनुमान किती जपून केलें पाहिजे तें पेलाग्रा नांवाच्या रोगाच्या इतिहासावरून स्पष्ट होतें. हा इतिहास मुख्यत्वें स्पेन, इटली व अमेरिका या देशांतला आहे. परंतु साधनांच्या परीक्षणाचा जो धडा त्यांत आहे तो आमच्याकडील संग्राहकांसही उपयोगी पडेल, म्हणून तो येथें थोडक्यांत देत आहों.

२. स्पेनच्या उत्तरेस आस्तुरियास प्रांतांत ओविएदो शहरीं गास्पार कासाल (१६८०–१७५९) हा वैद्य होता. त्यानें इ. स. १७३५ सालीं गरीब शेतकऱ्यांत एक विलक्षण रोग पाहिला व त्याचें टिपण केलें. उन्हांत उघडे राहणारे हात, पाय व मान यांवरची कातडी प्रथम लाल होई व मग खरखरीत होऊन तिच्यावर खपली धरे. गळ्याभोंवतीं तर माळ घातल्यासारखा पट्टा उठे. लोक यास ‘गुलाबाचा रोग’ म्हणत. पुढें जुलाब, अशक्तता व बुद्धिभ्रंश हीं लक्षणें दिसत. कासालनें रोग्यांच्या खाण्याची चौकशी केली, तेव्हां मुख्य अन्न मका व मांस क्वचितच, असें आढळलें. दूध व सकस अन्न मिळूं लागलें म्हणजे रोगी सुधारतो, हेंही त्यानें नमूद केलें.

या टिपणाचा प्रवास संग्राहकांनीं ध्यानांत घेण्याजोगा आहे. ग्रंथ कर्त्याच्या हयातींत छापला गेला नाहीं. तिएरी नांवाच्या फ्रेंच वैद्यानें त्यांतील माहिती १७५५ सालीं प्रसिद्ध केली. मूळ ग्रंथ कासालच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं, १७६२ सालीं, बाहेर आला.

३. इटलींत मिलानच्या फ्रापोल्ली या वैद्यानें १७७१ सालीं या रोगास ‘पेलाग्रा’ या नांवानें ग्रंथांत आणलें. तो शब्द शेतकऱ्यांच्याच बोलींतला असून त्याचा अर्थ ‘खरखरीत कातडी’ असा आहे. अमेरिकेंतून आलेला मका उत्तर इटलींत जुन्या धान्यांपेक्षां पुष्कळ अधिक पिके. गहू जमीनदाराच्या खंडांत व बाजारांत जाई, आणि मका कुळाच्या ताटांत राही. जमाखर्चाच्या वहींत पाहावें तर उत्पन्न वाढलेलें. ताटांत पाहावें तर मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीवांचून दुसरें फारसें कांहीं नाहीं. पुढें लोंब्रोसो प्रभृति पंडितांनीं सडक्या मक्यांतील विषावर दोष ठेवला, व १९०२ सालीं इटलींत तशा मक्याविरुद्ध कायदाही झाला.

परंतु मेक्सिकोंतील लोक हजारों वर्षें मकाच खात आले असून त्यांच्यांत हा रोग असा बळावला नव्हता. याचें कारण त्यांच्या स्वयंपाकांत होतें. चुना किंवा राख घातलेल्या पाण्यांत मका शिजवून, भिजत ठेवून, धुऊन मग वाटण्याची त्यांची जुनी रीत होती. युरोपांत बीं गेलें, रीत गेली नाहीं. मूळ पोथी हातीं लागावी व टीका मागें राहावी, तसा हा प्रकार झाला.

४. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या दक्षिण भागांत हा रोग फैलावला. तो सांसर्गिक आहे असें पुष्कळांचें मत होतें. १९१४ सालीं सरकारनें जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरास तपासावर नेमलें. वेड्यांच्या इस्पितळांत रोग्यांस पेलाग्रा होतो, पण त्यांच्यांतच वावरणाऱ्या नोकरांस होत नाहीं, हें पाहून त्यानें अन्नाकडे लक्ष दिलें. १९१५ सालीं मिसिसिपी संस्थानांतील तुरुंगाच्या शेतावर, शिक्षा माफ होण्याच्या अटीवर खुषीनें पुढें आलेल्या ११ कैद्यांस मका, मैदा, तांदूळ, साखर अशा निकस अन्नावर ठेवलें. त्यांपैकीं ६ जणांस रोग झाला.

आमच्या मतें याहूनही मोलाचें काम १९१६ पासून दक्षिण कॅरोलिनांतील सात गिरणी-गांवांत झालें. गोल्डबर्गर व अर्थशास्त्रज्ञ सिडेनस्ट्रिकर यांनीं घरोघर पंधरा पंधरा दिवसांच्या अन्नखरेदीच्या याद्या जमविल्या व रोग्यांच्या नोंदींशीं ताडून पाहिल्या. ज्या घरांत दूध व ताजें मांस येई त्यांत रोग कमी. एका गांवाभोंवतीं दूध-भाजी विकणारे शेतकरी होते, दुसऱ्याभोंवतीं नुसता कापूस. दोहोंतील रोगाचें प्रमाण अगदीं भिन्न निघालें. उपाय काय हें रोग्यास कळलें तरी तो त्याच्या हातांत नव्हता. गायीस चारा व घरास परसू कोठून मिळणार? पथ्य पाळण्यासही जमीन व पैसा लागतो, हा या याद्यांचा निष्कर्ष होय.

५. १९३७ सालीं विस्कॉन्सिनच्या एल्व्हेहेम यानें निकोटिनिक आम्ल हें या विकारावरील द्रव्य म्हणून दाखविलें. मक्यांत तें असतें, पण शरीरास घेतां न येईल असें बांधलेलें. चुन्याच्या संस्कारानें तें मोकळें होतें. दुधांत हें द्रव्य थोडेंच. मग कासालचे रोगी सुधारले कसे? १९४५ सालीं क्रेल व त्याच्या सहकाऱ्यांनीं उंदरांवरील प्रयोगांत दाखविलें कीं, ट्रिप्टोफॅन हें प्रथिनांतील द्रव्य तीच उणीव भरून काढतें, आणि दुधांत तें भरपूर आहे. १७३५ च्या टिपणाचा उलगडा २१० वर्षांनीं झाला.

६. दख्खनशींही या विषयाचा संबंध आहे. १९६० सालीं हैदराबादचे गोपालन व श्रीकांतिया यांनीं ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा आढळतो असें प्रसिद्ध केलें, व ज्वारींतील ल्युसिन या द्रव्याच्या आधिक्याकडे बोट दाखविलें. या उपपत्तीविषयीं पुढें मतभेद झाला. तथापि आमच्या प्रांताचें जुनें मुख्य अन्न ज्वारी. तेव्हां एवढें म्हटलें पाहिजे कीं, भाकरीबरोबर डाळ, ताक व भाजी असणें निराळें आणि नुसती भाकरी असणें निराळें. दोष धान्याचा म्हणण्यापेक्षां रित्या ताटाचा म्हणणें अधिक रास्त.

७. यावरून साधनांविषयीं एक नियम निघतो. पिकाचा आंकडा हा जमिनीविषयीं पुरावा आहे. मनुष्याविषयींचा पुरावा निराळा शोधावा लागतो. तो शिध्याच्या याद्या, वाण्याच्या उधारीच्या वह्या, आणि वैद्यांच्या बाडांतील पथ्यापथ्याचीं टांचणें यांत असतो. हे कागद सनदा-पत्रांच्या शोधांत बहुधा रद्दी म्हणून टाकले जातात. संग्राहकांनीं ते राखावे, त्यांवर गांव व साल नोंदवावें, आणि वसुलीच्या कागदांपासून त्यांची ताटातूट होऊं देऊं नये. दोन्ही एके ठिकाणीं वाचल्यावांचून रयतेच्या सुखदुःखाविषयीं निर्णय देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.