नेपाळकडे जाणारा शेतमाल आणि कीडनाशक अवशेषांची तपासणी

भारतातून नेपाळला जाणारा कांदा, भाजीपाला व फळे रक्सौल, जोगबनी, सुनौली अशा नाक्यांवरून पुढे जातात. माल नाशिकच्या चाळीतून निघालेला असला, तरी तो खाण्यास योग्य आहे की नाही याचा निर्णय पलीकडच्या हद्दीत होतो.

जून २०१९ मध्ये नेपाळ सरकारने आयात फळे व भाज्यांसाठी कीडनाशक अवशेषांची तपासणी सक्तीची केली. सीमेवर प्रयोगशाळांची पुरेशी सोय नव्हती. ट्रक अडकले, माल सडू लागला. जुलैच्या सुरुवातीला निर्णय मागे घेतला गेला, तर त्याच महिन्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने तपासणी सुरू ठेवण्याचा अंतरिम आदेश दिला. नाशवंत मालाला असा धरसोडीचा कारभार सोसत नाही.

काठमांडूच्या कालीमाटी बाजारात २०१४ पासून जलद चाचणी होते. ती विकर (एन्झाइम) रोधावर आधारित आहे. रोध ३५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर माल विक्रीस योग्य, ३५ ते ४५ टक्के असेल तर काही काळ रोखून ठेवतात आणि त्याहून जास्त असेल तर नष्ट करतात. या चाचणीत क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट यांसारखी ऑरगॅनोफॉस्फेट व कार्बामेट गटांतील कीडनाशकेच दिसतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड, निओनिकोटिनॉइड किंवा बुरशीनाशके दिसत नाहीत. त्यामुळे जलद चाचणीत पास झालेला माल पूर्ण अवशेषमुक्त आहे असे समजू नये. उलट कांदा-लसणातील गंधकयुक्त घटकांमुळे अवशेष नसतानाही रोध दिसू शकतो. अशा वेळी प्रयोगशाळेच्या सविस्तर अहवालाचा आग्रह धरावा.

येथे एक गैरसमज नेहमी आढळतो. ‘फायटो केले आहे, आता अडचण नाही,’ असे व्यापारी सांगतात. फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र माल कीड-रोगमुक्त असल्याचे सांगते. अवशेषांशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल वेगळा लागतो.

युरोपला द्राक्षे पाठविणारा बागायतदार एमआरएल तोंडपाठ सांगतो. शेजारच्या देशाला जाणाऱ्या भाजीची फवारणी मात्र मंडईच्या हिशेबानेच होते. खरी अडचण तोडे सुरू असलेल्या टोमॅटो, मिरची, भेंडी, कारली या पिकांत आहे. दर दोन-तीन दिवसांनी तोडा असताना काढणीपूर्व प्रतीक्षा काळ (पीएचआय) सात किंवा दहा दिवसांचा असलेले औषध फवारले, तर मधले सर्व तोडे धोक्यात येतात. आंतरप्रवाही औषध पाण्याने धुऊन निघत नाही. तोडे सुरू झाल्यावर लेबलवर त्या पिकासाठी शिफारस असलेले व कमी पीएचआयचे औषधच निवडावे. फवारणीची तारीख, औषध व मात्रा वहीत नोंदवून तिची प्रत मालासोबत व्यापाऱ्याला द्यावी. प्रयोगशाळेचा नमुना गाडी भरण्याच्या दिवशी न देता तोडणीच्या आधीच, शेताच्या निरनिराळ्या भागांतून घेऊन पाठवावा. अहवाल हाती येईपर्यंत माल झाडावर राहू शकतो, नाक्यावरच्या ट्रकमध्ये नाही.