बर्फाखालचा अग्नी आणि मालव्याचा काळा पाषाण



इतिहास म्हटला की आपणांस सनावळ्या आणि लढाया आठवतात. ज्या भूमीवर त्या घडल्या, तिची विचारपूस क्वचितच होते. आजच्या स्मृतिव्याख्यानात मी त्या भूमीविषयीच बोलणार आहे. त्यासाठी आपणांस प्रथम मल्हारगंजपासून फार दूर, आइसलँड बेटावर न्यावे लागेल.

तेथे वात्नायोकुल नावाची विशाल हिमनदी आहे. तिच्या बर्फाखाली ग्रीम्सव्होत्न हा ज्वालामुखी दडलेला आहे. त्याचा उद्रेक झाला की बर्फ वितळून महापूर लोटतो. १९९६ साली त्याच्या शेजारच्या उद्रेकानंतर आलेल्या अशाच पुराने दक्षिणेकडील पूल वाहून नेले. याच ज्वालामुखीच्या परिवारातील लाकी ही भेग मात्र बर्फाबाहेर आहे. ८ जून १७८३ रोजी सुमारे २७ किलोमीटर लांबीची ही भेग फुटली आणि आठ महिने लाव्हा ओकत राहिली. विषारी वायूंनी गवत जळले, गुरे मेली आणि पाठोपाठच्या दुष्काळात बेटावरील सुमारे पंचमांश माणसे दगावली. धुरकट धुके युरोपभर पसरले.

त्या वर्षी महेश्वरी अहिल्याबाईंचा कारभार चालू होता. उत्तर हिंदुस्थानात मात्र संवत १८४० चा भीषण दुष्काळ पडला. लोकांनी त्यास ‘चालिसा’ म्हटले. लाकीच्या धुराने त्या काळी पर्जन्य क्षीण झाले असावे, असे काही अभ्यासक मानतात. एकट्या लाकीवर सारा दोष ठेवता येणार नाही. तथापि दूरच्या अग्नीची झळ आपल्या आभाळालाही लागू शकते, एवढे मनी धरावे.

आता पायांखाली पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवरही अशाच भेगांतून लाव्हा वाहिला; परंतु त्याच्यापुढे लाकी म्हणजे केवळ ठिणगी. थरांवर थर साचून जे पठार झाले, त्याचाच उत्तरेकडील भाग म्हणजे मालवा. येथे हिम नाही, अग्नीही केव्हाच निवाला. त्या काळ्या पाषाणाची झीज होऊन काळी माती झाली. ती ओल धरून ठेवते, म्हणूनच येथे कापूस पिकला आणि त्यातून पुढे इंदूरच्या गिरण्या उभ्या राहिल्या.

मात्र हा पाषाण पाण्याच्या बाबतीत कृपण आहे. पाणी मुरते ते त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी विहिरी आणि बावड्या खोदल्या. राज्य किल्ल्यांनी राखले जाते खरे, पण गाव टिकते ते विहिरीवर. अहिल्याबाईंनी देशभर बांधलेल्या घाटांबरोबर विहिरींचेही स्मरण केले जाते, त्याचे मर्म हेच होय.

१९७८ साली नर्मदेचे पाणी विंध्याचा कडा चढून इंदुरात आले आणि आपण बावड्यांकडे पाठ फिरविली. ३० मार्च २०२३ रोजी, ऐन रामनवमीस, याच शहरातील एका मंदिरात बावडीवर घातलेले छत कोसळून ३६ जणांनी प्राण गमावले. झाकलेली विहीर ही विसरलेल्या इतिहासासारखी असते. ती नाहीशी होत नाही, केवळ दिसेनाशी होते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांस माझी एकच विनंती आहे. आपापल्या पेठेतील जुन्या विहिरी शोधा, त्यांची नोंद करा आणि शाळेच्या दप्तरी ती जपून ठेवा. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांना वाहावयाची याहून उचित आदरांजली मला तरी सुचत नाही.