बांधाशी अडलेला हक्क : भारतीय स्त्रिया आणि शेतजमीन

शेतजमिनीची कागदपत्रे आपल्या देशात प्रांताप्रांतांत वेगवेगळ्या नावांनी ओळखली जातात. महाराष्ट्रात आणि गुजरातेत सातबारा, कर्नाटकात आणि तेलंगणात पहाणी, उत्तर प्रदेशात खतौनी. नावे निराळी असली तरी एक गोष्ट या साऱ्या कागदांत समान आहे. धारकाच्या रकान्यात स्त्रीचे नाव क्वचितच आढळते. 2011 च्या जनगणनेत शेतकरी म्हणून नोंदलेल्यांत स्त्रिया सुमारे 30 टक्के होत्या आणि शेतमजुरांत त्यांचे प्रमाण 42 टक्क्यांहून अधिक होते. 2015-16 च्या कृषिगणनेत मात्र वहितीचे खाते स्त्रीच्या नावे असण्याचे प्रमाण जेमतेम 14 टक्के भरले आणि त्याखालचे क्षेत्र 12 टक्क्यांपर्यंतही पोहोचले नाही.

ही तफावत केवळ रूढीने निर्माण केली, असे आपण सहज म्हणतो. पण गेल्या शतकातील कायद्यांचा इतिहास पाहिला की वेगळेच चित्र दिसते. स्त्रीला संपत्तीत वाटा देणारा प्रत्येक कायदा घराच्या उंबरठ्यातून बाहेर पडला आणि शेताच्या बांधाशी येऊन थांबला.

या इतिहासातील पहिले मोठे पाऊल एका मराठी माणसाने उचलले. मुंबईचे शल्यविशारद डॉ. गो. वि. देशमुख यांनी केंद्रीय विधिमंडळात मांडलेले विधेयक 1937 मध्ये हिंदू स्त्रियांच्या संपत्तिहक्काचा कायदा म्हणून संमत झाले. त्याने विधवेला पतीच्या संपत्तीत मुलाच्या बरोबरीने वाटा दिला. मात्र तो हयातीपुरता होता, ती संपत्ती इच्छेप्रमाणे विकण्याची वा देण्याची मुभा तिला नव्हती. त्यातही 1935 च्या घटना कायद्याने शेतजमिनीचा वारसा हा विषय प्रांतांकडे सोपवला होता. त्यामुळे हा कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, असा निर्णय फेडरल कोर्टाने 1941 मध्ये दिला. त्याच 1937 साली मुस्लिमांसाठी शरीयत कायदा संमत झाला. त्यातूनही शेतजमीन स्पष्ट शब्दांत वगळलेली होती. धर्म दोन, कायदे दोन. पण अपवाद एकच. पुढे अनेक प्रांतांनी आपापले कायदे करून ही उणीव काही अंशी भरून काढली.

स्वातंत्र्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलाचा आग्रह धरला. मुलीला वारसा मिळावा, या कल्पनेला संसदेत आणि संसदेबाहेर कडवा विरोध झाला. विधेयक रखडले आणि सप्टेंबर 1951 मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे हे विधेयक तुकड्यातुकड्यांनी संमत झाले. त्यातील 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीला मिळालेल्या संपत्तीची पूर्ण मालकी दिली आणि वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मात्र जन्मसिद्ध हक्क मुलांपुरताच राहिला. शिवाय जमिनीचे तुकडे, कमाल धारणा आणि कुळहक्काचा वारसा यांविषयीच्या राज्यांच्या कायद्यांना या कायद्याने हात लावला नाही. जमीनदारी नष्ट करणाऱ्या उत्तर प्रदेशाच्या कायद्यात मुलांना अग्रक्रम होता. मुली वारसांच्या रांगेत फार मागे होत्या. जमीनदाराच्या हातून सुटलेली जमीन कसणाऱ्या घराला मिळाली, पण त्या घरातील मुलीला मिळाली नाही. आपली शाळा सुरू झाली तेव्हा देशात हीच स्थिती होती.

कायद्याने जे दिले नाही ते काही ठिकाणी चळवळींनी मागितले. बिहारमधील बोधगया येथे एका मठाच्या ताब्यात हजारो एकर जमीन होती. 1978 पासून छात्र युवा संघर्ष वाहिनीच्या कार्यकर्त्यांनी तेथील भूमिहीन दलित मजुरांना संघटित केले. सत्याग्रहात आणि लाठीमारात स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने होत्या. जमीन वाटपाची वेळ आली तेव्हा त्यांनी विचारले, की लढा दोघांचा असेल तर पट्टा एकाच्याच नावे का? पट्टा कुटुंबप्रमुखाच्या नावे करायचा ही सरकारी रीत होती. तरीही काही गावांत 1982 च्या सुमारास स्त्रियांच्या नावे जमिनी झाल्या. स्वतंत्र भारतातील भूमिसंघर्षात हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे पुढे येण्याचा हा पहिल्या प्रसंगांपैकी एक होता.

महाराष्ट्रात शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी वेगळा मार्ग धरला. 1986 च्या चांदवड येथील महिला अधिवेशनानंतर काही वर्षांतच ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम आला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग स्वेच्छेने पत्नीच्या नावे करावा आणि घरच्या लक्ष्मीचे ऋण फेडावे, अशी त्यामागची भूमिका होती. ज्या गावात शंभर कुटुंबे असे करतील ते ‘लक्ष्मीमुक्ती गाव’ ठरे. कायद्याची वाट न पाहता अनेक गावांतील शेतकरी तलाठ्याकडे गेले, हे त्या कार्यक्रमाचे यश होते.

राज्येही हळूहळू पुढे सरकली. आंध्र प्रदेशाने 1986 मध्ये, तमिळनाडूने 1989 मध्ये, महाराष्ट्र आणि कर्नाटकाने 1994 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला. मात्र आधीच लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. अखेर 9 सप्टेंबर 2005 रोजी केंद्रीय सुधारणा अमलात आली. मुलगी आणि मुलगा समान हक्कदार झाले आणि शेतजमिनीविषयीचा तो जुना अपवादही वगळण्यात आला. वडील त्या दिवशी हयात नसले तरी मुलीचा हक्क अबाधित आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र कायम राहिल्या. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शिखांपुरता आहे. अनुसूचित जमातींतील स्त्रियांपर्यंत तो पोहोचत नाही.

आता कायद्याने बांध ओलांडला आहे. अडसर आहे तो हक्कसोडपत्राचा. वडील गेल्यावर वारसनोंद होते, मुलींची नावे लागतात आणि काही दिवसांतच त्यांना सहीसाठी बोलावले जाते. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. साडीचोळी घेऊन परतते. ही सही प्रेमाची मानली जाते. पण भावाकडून तशा प्रेमाची अपेक्षा कोणी करत नाही, हे लक्षात घ्यायला हवे.

या सहीची किंमत मोठी असते. पीककर्ज, भूसंपादनाचा मोबदला, किसान सन्मान निधीचे वार्षिक 6,000 रुपये, हे सारे जमिनीच्या नोंदीवर चालते. प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांनी केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या नावे जमीन वा घर काहीच नव्हते अशा स्त्रियांपैकी 49 टक्के स्त्रियांना पतीची मारहाण सोसावी लागली होती; दोन्ही नावे असलेल्यांत हे प्रमाण 7 टक्के होते. जमीन पीक देतेच, पण पाय रोवून उभे राहण्याचे बळही देते.

आपल्या शाळेच्या बाकांवर मुलगे आणि मुली साठ वर्षे एकत्र शिकत आले. हजेरीपटावर दोघांची नावे सारख्याच अक्षरांत लिहिली गेली. आज त्यांतील अनेकजण शहरांत, परप्रांतांत स्थिरावले असले तरी गावाकडच्या जमिनीची वाटणी कधी ना कधी त्यांच्यासमोर येतेच. त्या दिवशी हक्कसोडपत्राचा कागद पुढे करायचा की बहिणीचे नाव सातबाऱ्यावर राहू द्यायचे, हे ठरवणारे हात आपलेच असतील. कायद्याला इथवर यायला 1937 पासून जवळजवळ सत्तर वर्षे लागली. उरलेले अंतर घरातल्या घरात कापायचे आहे.