शेतपंपाचा मीटर

धाड गावाच्या शिवारात थ्री फेज लाइन आली की एकाच डीपीवरच्या, म्हणजे रोहित्रावरच्या, मोटारी एकदम सुरू होतात. विहिरीवर माणूस नसतो, ऑटोस्विच असतो. महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय, ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा. सगळ्या मोटारींचा भार एकाच वेळी आला की दाब उतरतो, मोटारी जळतात, कधी डीपीही जाते. हे खरं आहे. पण लाइन रात्रीची येणार आणि किती टिकेल याचा भरवसा नसणार, तर थंडीत विंचूकाट्यातून बांधावर जायला शेतकऱ्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?

ऊर्जा कार्यक्षमतेच्या राष्ट्रीय धोरणानं काय साधलं, हे अशा एका विहिरीवर तपासायचं तर आधी एक आकडा हवा: तिथली मोटार वर्षाला किती युनिट घेते? तोच आकडा हाती नाही. तो का नाही, हे पाहायला मागं जावं लागतं.

मोटेच्या काळात पाण्याचा हिशेब बैलांच्या दमावर होता. 1926 साली किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्युगल पंप तयार होऊ लागले. पुढं ऑइल इंजिनं आली, आणि डिझेल पैसे मोजून आणणारा माणूस इंजिन उगाच चालू ठेवत नव्हता. 1960 साली राज्य वीज मंडळ स्थापन झालं, 1972च्या दुष्काळानं विहीर आणि पंपाचं महत्त्व घरोघरी पटवलं, आणि खांब शिवारात पोचले. सुरुवातीला मीटर होते. पण दूरदूरच्या विहिरींवर जाऊन रीडिंग घेणं मंडळाला महाग पडत होतं. सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा आकारणी अश्वशक्तीवर गेली: तीन एचपीचे इतके, पाच एचपीचे इतके. मीटर निघाला आणि त्याच्याबरोबर जादा तासाची किंमतही गेली. पाटीवर तीन एचपी लिहिलेली मोटार प्रत्यक्षात पाचचा भार घेऊ लागली. जळालेली मोटार रिवाइंडिंग करून पुन्हा विहिरीवर चढे, आणि तिची कार्यक्षमता आणखी घसरली तरी बिल तेवढंच राही.

या आकारणीचा सर्वात मोठा फायदा शेतकऱ्याला झाला असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. न मोजलेल्या शेतीच्या खात्यावर मंडळाला काहीही लिहिता येत होतं. चोरीला गेलेली, तारांत वाया गेलेली वीज 'पंपांनी वापरली' म्हणून दाखवली गेली. पुण्याच्या 'प्रयास' गटाचे गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी नव्वदच्या दशकात पंपांची कार्यक्षमता आणि वीज अनुदानाचे खरे लाभार्थी यांवर चिकाटीनं लिहिलं. 1999 साली राज्य वीज नियामक आयोग आला, हिशेब उघड्यावर मांडले गेले, आणि अठरा टक्क्यांच्या आसपास सांगितली जाणारी गळती तीस टक्क्यांच्या वर असल्याचं दिसलं. वर्षानुवर्षं विजेच्या नासाडीचा ठपका ज्याच्यावर होता त्या शेतकऱ्याच्या नावावर दुसऱ्यांचीच वीज टाकलेली होती.

ऊर्जा संवर्धन कायदा झाला 2001 साली, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो आला 2002 साली. 2006 पासून फ्रिज-एसीवर कार्यक्षमतेचे तारे लागले. उजाला योजनेत 36 कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. बल्बांची संख्या आणि रोजचे गृहीत धरलेले तास यांच्या गुणाकारातून बचत मांडली गेली. 2012 ते 2015 या काळात 478 कारखान्यांना उत्पादनाच्या प्रत्येक टनामागे ऊर्जा घटवण्याचं लक्ष्य दिलं. तिथं दारातच मीटर असल्यानं ताळा घेता आला. पंपावरचे तारे मात्र ऐच्छिकच राहिले.

पंप बदलण्याचा देशातला पहिला पथदर्शी प्रकल्प आपल्याच राज्यात, सोलापूरच्या मंगळवेढा उपविभागात झाला. 2,209 पंप बदलले गेले. पण पंप चांगला झाला म्हणजे वीज वाचलीच असं नाही. लाइन आठ तास असेल आणि विहिरीत पाणी असेल, तर चांगला पंप त्याच आठ तासांत जास्त पाणी उपसतो. जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं 1865 साली कोळशाबद्दल हेच दाखवलं होतं: इंजिन सुधारलं की खप वाढतो. धाडच्या काळ्या पाषाणात पाणी मुळात थोडं. इथं वाचलेल्या युनिटपेक्षा उतरलेल्या पाण्याची पातळी आधी पाहायला हवी, आणि कोणत्याही मूल्यमापनाला ती सोडून चालणार नाही.

2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना राज्यात वीज मोफत आहे. बिल शून्य झालं, पण शासन महावितरणला पैसे भरतं, म्हणजे मोजण्याची निकड आता शेतकऱ्यापेक्षा शासनाला जास्त. केंद्राच्या 2021च्या वितरण सुधारणा योजनेत फीडर आणि रोहित्रांवर मीटर बसवायचे आहेत. प्रत्येक पंपावर नाहीत. तेवढंही पुरेल. धाडच्या फीडरचे आणि प्रत्येक शेती डीपीचे महिन्याचे युनिट आणि शेजारच्या निरीक्षण विहिरीची पातळी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. मोटारींना किती वीज लागली आणि तारेत किती गेली, हे शेतकऱ्यालाही तिथंच वाचता येईल.