शेवटची गाठ सुटण्याआधी

उठा, घंटा झाली! साल 1680, ऑगस्टचा महिना. आजच्या अमेरिकेतल्या, तेव्हा स्पॅनिश ताब्यातल्या सांता फेच्या उत्तरेला, टेवा भाषा बोलणाऱ्या प्युब्लो लोकांच्या गावात तुम्ही मातीच्या माळवदावर झोपला आहात. शिडीनं खाली उतरा आणि जरा पाय उचला. प्रार्थनेला दांडी मारली तर पाद्री चाबकानं फोडून काढतो, नाहीतर केस भादरतो.

चर्चमध्ये ही गर्दी. घाम, धूप, ओल्या लोकरीचा वास. लॅटिनचं एक अक्षर कळत नाही, गुडघे मात्र ठणकतात. या भिंती गावातल्या बायकांनीच रचल्यात; इथं भिंत बांधणं हे बाईचं काम.

बाहेर ऊन डोळ्यांत घुसतं. घराघरात बायका ओळीनं बसून मका वाटतायत, थेट आपल्या पाट्या-वरवंट्यावर वाटावा तसा. पीठ नाकातोंडात जातं. त्या मक्याचा आणि विणलेल्या सुती चादरीचा वाटा दरवर्षी घरटी स्पॅनिश सरदाराला द्यावाच लागतो. दुष्काळातही सुटका नव्हती. दहा वर्षांपूर्वी माणसांनी कातडं उकडून खाल्लं होतं.

रात्री कीवात, म्हणजे धार्मिक विधींच्या खोलीत चला. छपरातल्या भोकातून शिडी खाली जाते. पाय जपून टाका. आत जुनिपरच्या लाकडाचा धूर, उकाडा, खांद्याला खांदा. इथल्या देवांचे सुमारे 1600 मुखवटे पाद्र्यांनी 1661मध्ये जाळले. 1675मध्ये तर 47 जाणत्यांना ‘चेटूक करता’ म्हणून पकडलं. काहींना फाशी, बाकीच्यांना फटके. पाठीवर वळ घेऊन सुटलेला एकजण, ओहके ओविंगे गावचा पोपे, आता दूर ताओस गावच्या कीवात बसलाय.

त्याचा निरोप हा बघा तुमच्या हातात. युक्का नावाच्या झुडपाच्या तंतूंची खरबरीत दोरी, तिला गाठी. रोज एक सोडायची. संपल्या की बंड करून उठायचं. गावोगाव भाषा वेगळी, पण गाठी सगळ्यांनाच मोजता येतात. पत्र असतं तर पाद्र्यानं वाचलं असतं!

दोन तरुण निरोपे पकडले गेले, म्हणून ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच वणवा पेटला. पुढचं सगळं बघवणार नाही. 21 पाद्री आणि सुमारे 400 वसाहतवाले मारले गेले, त्यांत बायकामुलंही होती. सांता फेला वेढा पडला. पाण्याचा पाट फोडल्यावर आतली जनावरं तहानेनं मेली, दुर्गंधी पसरली, आणि उरलेले स्पॅनिश दक्षिणेला चालू लागले.

आता नदीत उतरा. पाणी गार आहे. युक्काच्या मुळ्या चेचून फेस काढा आणि डोक्यापासून घासा, बाप्तिस्मा धुऊन निघेपर्यंत. पाद्र्यानं दिलेलं नावही टाका. पोपेचा हुकूम पुढंही होता: परक्यांचं बी पेरू नका, त्यांचं काही ठेवू नका. पण त्यांनी आणलेल्या मेंढ्या कुणी सोडल्या नाहीत. मला तर लोकांचं बरोबर वाटतं. राग पाद्र्यावर, लोकरीवर कशाला?

बारा वर्षांनी स्पॅनिश परतले. चर्चही परत उभी राहिली, पण वर्षाच्या मका-चादरीची ती सक्ती परत आली नाही. कीवा आजही वापरात आहेत, आणि परक्याला तिथं प्रवेश नाही. काही सणांचे नाच बघायला मिळतात, पण फोटो काढायला बहुतेक गावांत बंदी असते. कधी गेलात तर मोबाइल खिशातच राहू द्या.