पाणी चढवणाऱ्या मोटारीचे संरक्षण

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत बहुतेक गृहनिर्माण संस्थांत नळाचे पाणी प्रथम जमिनीखालच्या टाकीत येते आणि तेथून गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते. मोठ्या इमारतींत हे काम करणारी मोटार बहुधा तीन फेजची प्रवर्तन मोटार, म्हणजे इंडक्शन मोटार असते. प्रस्तुत विवेचन तिच्यापुरतेच आहे. लोकल गाड्यांच्या किंवा डोंबिवली एमआयडीसीतील रासायनिक कारखान्यांच्या मोटारींचे प्रश्न निराळे आहेत.

संरक्षण म्हणजे दोषाचे निवारण नव्हे. दोष उद्भवल्यावर हानी होण्यापूर्वी परिपथ तोडणे, एवढाच त्याचा अर्थ. मग हानी कोणाची, हे आधी ठरवावे लागते. येथे रक्षणीय गोष्टी तीन: तार, मनुष्य आणि मोटारीचे वेष्टन, म्हणजे वाइंडिंग. तिन्हींची सहनशक्ती भिन्न असल्यामुळे तिन्हींचे रक्षक भिन्न आहेत.

मोटारीच्या स्थिर भागातील तीन वेष्टनांमुळे फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. 50 हर्ट्‌झ पुरवठ्यावर दोन ध्रुवांच्या मोटारीत ते मिनिटाला 3000 फेरे घेते. आतला रोटर त्याच्या किंचित मागे, मिनिटाला सुमारे 2880 फेऱ्यांच्या वेगाने फिरतो. या फरकामुळेच रोटरमध्ये प्रवाह प्रवर्तित होतो. सुरू होण्याच्या क्षणी रोटर स्थिर असल्याने फरक सर्वाधिक असतो, आणि प्रवाह नियत प्रवाहाच्या सुमारे सहापट होतो. 415 व्होल्टवर पाच अश्वशक्तीची मोटार पूर्ण भाराला सुमारे 7.5 ॲम्पिअर घेते. सुरू होताना काही क्षण 45. हा प्रवाह दोष नव्हे. म्हणून रक्षकाने केवळ प्रवाह पाहून चालत नाही, काळही पाहावा लागतो.

तारेचा रक्षक फ्यूज किंवा एमसीबी. सी प्रकारचा एमसीबी नियत प्रवाहाच्या पाच ते दहा पटींवर आणि डी प्रकारचा दहा ते वीस पटींवर तत्काळ तुटतो. आरंभीचा प्रवाह निभावण्यासाठी वरील मोटारीला 16 ॲम्पिअरचा एमसीबी बसवला, तर 12 ॲम्पिअर तो बिनतक्रार वाहू देतो. त्या प्रवाहाने तारेला काही होत नाही, वेष्टन मात्र जळते. ‘एमसीबी आहे ना?’ हा सभासदांचा नेहमीचा प्रश्न म्हणूनच भलत्या वस्तूविषयीचा असतो.

मनुष्याचा रक्षक आरसीसीबी. जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांतील फरक तो मोजतो. मनुष्यरक्षणासाठी ही मर्यादा 30 मिलिॲम्पिअर धरतात. अतिभार त्याला कळत नाही. 26 जुलै 2005 सारख्या पुरात पंपघर बुडाले, तर मोटार वाळवून, मेगरने वेष्टनाच्या विद्युतरोधक आवरणाचा रोध किमान 1 मेगओहम आहे हे पाहूनच ती सुरू करावी. केवळ आरसीसीबीच्या भरवशावर नव्हे.

आता वेष्टन. त्याचा शत्रू उष्णता. आवरणाचे तापमान विहित मर्यादेपेक्षा दर 10 अंशांनी वाढले, की त्याचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा रूढ ठोकताळा आहे. त्याचा रक्षक औष्णिक अतिभार रिले. त्यातील द्विधातू पट्टी मोटारीच्याच प्रवाहाने तापते. वर्ग 10 चा रिले 1.05 पटीवर तुटत नाही, 1.2 पटीवर दोन तासांच्या आत तुटतो, आणि 7.2 पटीवर 4 ते 10 सेकंदांत. मुख्य प्रवाह तो स्वतः तोडत नाही. कॉन्टॅक्टर या चुंबकीय स्विचच्या कॉइलचा परिपथ तोडतो, मग मोटारीचा प्रवाह कॉन्टॅक्टर तोडतो.

या रिलेची खरी परीक्षा एक फेज गेल्यावर होते. वीजवितरणाच्या मिनी पिलरमधील एक फ्यूज उडाला की चालती मोटार थांबत नाही. उरलेल्या दोन तारांतून तेच काम करत राहते. तारेतील प्रवाह सुमारे 1.73 पट होतो. परंतु डेल्टा जोडणीत त्या दोन तारांमध्ये थेट असलेल्या वेष्टनातील प्रवाह दुप्पट होतो. आता अर्धवट भारावरची मोटार घ्या, जिचा प्रवाह नियत प्रवाहाच्या 55 टक्के आहे. फेज गेल्यावर तारेत 95 टक्के प्रवाह वाहतो, म्हणून तारेतला रिले स्वस्थ राहतो. त्या एका वेष्टनात मात्र 110 टक्के. रिलेला न कळलेली ही गेलेली फेज ओळखण्यासाठीच सिंगल फेज प्रिव्हेंटर लावतात. त्याला अनावश्यक खर्च म्हणणाऱ्यांनी रिवाइंडिंगचे बिल पाहावे.

स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले सामान्यतः वेष्टनाच्या शाखेत असतो. हे स्थान श्रेष्ठ, कारण येथे तो वेष्टनाचाच प्रवाह पाहतो. मात्र शाखेतील प्रवाह तारेतील प्रवाहाच्या 0.58 पट असल्याने रिलेही तेवढ्यावरच लावावा लागतो. दहा अश्वशक्तीच्या मोटारीच्या पाटीवर 14 ॲम्पिअर असेल, तर रिले सुमारे 8.1 वर हवा. वारंवार ट्रिप होतो म्हणून, किंवा पाटी वाचून, वायरमनने तो 14 वर नेला, तर 1.73 पट अतिभार त्याला नियत प्रवाहच वाटतो. अशा पंपाच्या पॅनेलवर रिले आहे, पण मोटार असंरक्षित आहे.