थैलीतले इंद्रधनुष्य: चांदीचे नाणे का रंगते आणि का महागते?

१/ दोन नाणी शेजारी ठेवू. दोन्ही चांदीचे अमेरिकन डॉलर, दोन्ही १८८१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत पाडलेले, दोन्ही कोरे. एक पांढरेशुभ्र, दुसऱ्याच्या कडेला सोनेरी, जांभळी, निळी चंद्रकोर. हे रंगलेले नाणे अनेकदा कित्येक पटींनी महाग विकले जाते. वास्तविक तो रंग म्हणजे धातूचा क्षय. मग क्षयाला एवढे मोल का? #इतिहास #नाणेशास्त्र

२/ २८ फेब्रुवारी १८७८ रोजी अमेरिकेत ब्लँड-ॲलिसन कायदा झाला. सरकारने दरमहा २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घेऊन तिचे डॉलर पाडावेत, असे बंधन त्याने घातले. पश्चिमेकडील खाणमालकांना हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. पण ही जड नाणी खिशात वागवण्याची हौस जनतेला फारशी नव्हती.

३/ जॉर्ज मॉर्गन या शिल्पकाराने घडवलेले हे नाणे २६.७३ ग्रॅमचे, ९० टक्के चांदी, १० टक्के तांबे. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये ते पाडले गेले. चलनात न खपलेली कोट्यवधी नाणी हजार-हजारांच्या कॅनव्हासच्या थैल्यांत भरून तळघरांत पडून राहिली.

४/ तेथेच रंगांचा खेळ सुरू झाला. हवेतील आणि कापडातील गंधकाची संयुगे चांदीशी संयोग पावतात व सिल्व्हर सल्फाइडचा अतिसूक्ष्म थर जमतो. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग दिसतात, त्याच न्यायाने हा थरही रंग दाखवतो. आरंभी फिकट सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा. थर फार जाड झाला की काळा. यालाच संग्राहक ‘टोनिंग’ म्हणतात.

५/ आणि चंद्रकोर? थैलीत नाणी एकमेकांवर पडलेली असत. शेजारच्या नाण्याखाली झाकलेला भाग पांढरा राही, कापडाला टेकलेला उघडा भाग रंगत जाई. क्वचित कापडाची वीणही नाण्यावर उमटलेली दिसते. थैलीच्या मध्यभागातील नाण्यांना हा योग दुर्मिळच.

६/ या कथेचा एक धागा आपल्याकडे येतो. पहिल्या महायुद्धात चांदी महागली. हिंदुस्थानातील लोक नोटा परत करून रोख रुपये मागू लागले. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली, तरी चांदीची तहान भागेना.

७/ २३ एप्रिल १९१८ रोजी अमेरिकेने पिटमन कायदा केला. सुमारे २७ कोटी डॉलर वितळवले गेले आणि त्यांतील बहुतांश चांदी हिंदुस्थानच्या चलनासाठी ब्रिटनला विकली गेली. पणजोबांच्या कनवटीच्या पंचम जॉर्जच्या रुपयात एखाद्या डॉलरची चांदी असणे अगदी शक्य आहे.

८/ उरलेल्या थैल्या १९६२ च्या अखेरीस पुन्हा चर्चेत आल्या. न्यू ऑर्लीन्सचे १९०३ चे दुर्मिळ मानले गेलेले डॉलर सरकारी साठ्यातून थैल्याच्या थैल्या निघाले आणि लोकांच्या रांगा लागल्या. मार्च १९६४ मध्ये वाटप थांबले. शिल्लक सुमारे ३० लाख नाणी सरकारने १९७२ ते १९८० या काळात विकली.

९/ या रंगांना बराच काळ ‘डाग’ समजले गेले. नाणी रसायनात बुडवून पांढरी केली जात. पण थराबरोबर चांदीचाही सूक्ष्म अंश जातो. ठशाच्या आघाताने धातूवर उमटलेल्या बारीक रेषांमुळे कोऱ्या नाण्याला झळाळी असते. वारंवार बुडवल्याने त्या रेषा झिजतात आणि गेलेली झळाळी पुन्हा येत नाही.

१०/ मोल सौंदर्याचे आहेच. पण त्याहून अधिक साक्षीचे आहे. मूळ रंग सांगतो की हा पृष्ठभाग दशकानुदशके कोणी घासलेला नाही. अर्थात प्रत्येक रंग भाग्याचा नसतो. काळपट, डागाळ थराने किंमत घटते. फार जाड थर तर पृष्ठभागच कुरतडतो.

११/ मोल आले की लबाडी आलीच. उष्णता आणि गंधक वापरून काही तासांत नाणी रंगवली जातात. १९८६-८७ पासून नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या पीसीजीएस, एनजीसी या संस्था अशा संशयास्पद रंगाच्या नाण्यांना नेहमीची गुणश्रेणी देत नाहीत. नैसर्गिक रंग ठरावीक क्रमाने एकमेकांत विरघळतात. बनावट रंगांत तो क्रम अनेकदा तुटतो. गंमत पाहा: दोन्हींचे रसायन बहुधा एकच. फरक फक्त काळाचा, म्हणजेच इतिहासाचा!

१२/ आता आपल्या घराकडे वळू. राणीछाप रुपयातही सुमारे ९२ टक्के चांदी आहे. तोही असाच रंगतो. दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आपण तो चिंचेने, राखेने घासून लख्ख करतो. श्रद्धा निर्मळ असते, पण त्या घासण्यात व्हिक्टोरिया राणीच्या मुकुटावरचे बारकावे आणि शंभराहून अधिक वर्षांची नोंद दोन्ही पुसली जातात.

१३/ या दिवाळीत तो रुपया मऊ कापडावर तसाच ठेवून पुजावा. हाताळताना कडेने धरावा, नंतर कोरड्या जागी ठेवावा. लक्ष्मी काळवंडलेल्या रुपयावर रुसल्याचे ऐकिवात नाही. घासलेल्या रुपयावर इतिहास मात्र नक्कीच रुसतो.